माळ्यावर सापडलेल्या चार वस्तू : ओळखायला मदत हवी

केतकी
नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची कौलं यंदा उतरवली. त्याआधी माळा रिकामा केला. कंदील, पाळण्याच्या साखळ्या, शेवयांचा पाट हे सगळं ओळखीचं निघालं. चार वस्तू मात्र घरात कुणालाच सांगता येत नाहीत. ज्यांनी त्या वापरल्या ती पिढी आता राहिली नाही. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन करते.

१) लाकडी वाटी. जड लाकूड, कोरून काढलेलं. तोंड वीतभर रुंद, खाली निमुळती. बुडात चार तिरकी भोकं, चारही वेगवेगळ्या दिशांना जाणारी.

२) लोखंडाच्या चपट्या पट्ट्या, अर्धचंद्राच्या आकाराच्या, तळहातात मावतील एवढ्या. बाहेरच्या कडेला भोकं. बऱ्याच आहेत, तारेत ओवून ठेवलेल्या.

३) लोखंडी कडं आणि त्याला लोंबणारे पाचसहा आकडे. सगळ्यांची टोकं वर वळलेली.

४) तांब्याची वाटी. बूड गोल, पत्रा इतका पातळ की हातात वजनच जाणवत नाही. बुडाच्या बरोबर मध्ये टाचणी जाईल एवढं भोक. कान नाही, कडी नाही.

भंगारवाला या आठवड्यात येतोय आणि काका म्हणतात सगळं देऊन टाक. मला किंमत नको आहे. हे काय होतं आणि कसं वापरायचे एवढं कळलं, तर नव्या घरात यांच्यासाठी जागा मागता येईल.

पाणवठा
३ नंबर गळ. विहिरीत घागर, कळशी, बादली पडली की दोराला बांधून सोडायचा आणि तळाशी सावकाश फिरवायचा. काठ किंवा कडी आकड्यात अडकली की दोर जड लागतो. गळ घरोघर नसायचा. आमच्या आळीत एकच होता, तो मागायला येणाऱ्या बाईचा चेहरा बघूनच आजी ओळखायची की तांब्याची घागर गेलीय का पत्र्याची बादली. गळ टाकला की आम्ही पोरं काठावर गोळा व्हायचो, कारण घागरीच्या आधी कुणाचं काय काय वर यायचं!

पक्या_सदाशिव
मोबाइलच्या फोटोशोधात लाकडी वाटी शोधून पाहिली. एक उत्तर मेणबत्तीचा स्टँड, दुसरं मसाल्याचा डबा. बोला.

कोरडवाहू
मेणबत्ती नाही आणि मसालाही नाही. केतकीताई, १ नंबर पाभरीचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराचं, चाडं आहे. चार भोकं म्हणजे चार फणांची, जमीन चिरणाऱ्या चार दात्यांची, पाभर. एकेका भोकात बांबूचा एकेक नळा बसतो आणि नळ्याचं खालचं टोक फणाच्या मागे येतं. मागून चालणारं माणूस ओटीतलं बी मुठीने चाड्यात सोडत जातं आणि चारही तासांत, म्हणजे फणांनी पाडलेल्या चार ओळींत, ते एकदम पडतं. भोकं चार दिशांना तिरकी आहेत ती याचसाठी. मिश्रपिकाची ओळ घालायची असली की मागे वेगळं मोघण, म्हणजे बी सोडायचा सुटा नळा, बांधायचे, त्यावर दुसरं माणूस.

बी सारखं पडणं मात्र भोकांवर नसतं, मुठीवर असतं. मूठ सैल झाली की दाट उगवतं, जरा अडली की तास मोकळं जातं. पंधरा दिवसांत रान उगवून आलं की साऱ्या गावाला दिसायचं चाड्यावर कोण होतं ते. आमच्याकडे ही मूठ आत्याची. वडील पाभर हाकायचे, पण पेरणीचा दिवस आत्याच्या सोयीने ठरायचा.

भोकांच्या आतल्या कडांवर बोट फिरवून बघा. वापरलेलं चाडं असेल तर कडा गुळगुळीत लागतील.

वैनगंगा
आमच्या विदर्भात तिफण. तीन फण, चाड्याला भोकंही तीन. चार भोकांचं कधी पाहिलं नाही. नक्की चाडंच का?

कोरडवाहू
नक्की. फण किती आणि त्यांच्यातलं अंतर किती, हे जमीन आणि पीक बघून ठरतं. तुमच्या भारी काळ्या रानात बैलांना ओढ जास्त लागते. इकडे हलक्या रानात चार फण चालतात.

पंचगंगा_काठ
कोल्हापूर-बेळगावकडे याच अवजाराला कुरी म्हणतात. दोन तालुके ओलांडले की नाव बदलतं, सुताराचं काम तेच.

केतकी
कडा खरंच गुळगुळीत आहेत! चारांपैकी एका भोकाची कडा जास्त झिजली आहे. गळाचंही पटलं, आमच्या परड्यात जुनी विहीर आहे. दोन राहिल्या.

मनाली_ट्रेक्स
२ नंबर म्हणजे बुटांच्या टाचेखाली मारायच्या नाला असतील का? शिपायांच्या बुटांना असायच्या.

भिडेवाडा_नाही
किंवा जुन्या पेटीच्या कोपऱ्यांच्या पट्ट्या. वर्णनावरून तशाच वाटतात.

शेवटची_पाळी
बुटाचा नाल अख्खा असतो, घोड्याच्या नालेसारखा. अर्धचंद्र आणि एकाच कडेला भोकं म्हणजे बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका खुराला दोन. एका बैलाला आठ, जोडीला सोळा.

माझे आजोबा नालबंद होते. बैल उभा असताना पत्री ठोकता येत नाही. दोर घालून त्याला आडवा करायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, एकाने मान धरून बसायचं. मग खुराची वाढलेली नखी तासायची, पत्री टेकवून माप बघायचं आणि चपट्या डोक्याचे खिळे बाहेरच्या बाजूने तिरके मारायचे. खिळा आत जिवंत मांसात गेला तर बैल लंगडणार, म्हणून हात बसलेला माणूस लागतो. खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर आलं की ते वळवून चेपायचं. नांगराच्या बैलाला हे क्वचितच लागतं. गाडीचा बैल, त्यातही डांबरी रस्त्यावरचा, पत्रीशिवाय खूर झिजवून बसतो. उसाच्या हंगामात कारखान्यांच्या वाटेवर आजही नालबंद दिसतात.

केतकीताई, पट्ट्या कोऱ्या आहेत का वापरलेल्या? वापरलेली पत्री पुढच्या टोकाला पातळ होते.

केतकी
पुढची टोकं पातळ आहेत, काहींची भोकं फाटलेली. म्हणजे काढून टाकलेल्या पत्र्याही कुणीतरी जपून ओवून ठेवल्या.

शेवटची_पाळी
लोखंड फुकट जात नव्हतं तेव्हा. लोहार त्यातून खिळे, कड्या, विळ्याची मूठ धरायची पट्टी करून द्यायचा.

मिस्त्री_चिंचवड
धागा वाचून राहवलं नाही. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं आणि अनोळखी भाग घेऊन लोक सतत यायचे. फोटो पाठवून "हे काय आहे" विचारणाऱ्यांना माझं सांगणं एकच : आधी झीज बघा. आकार फसवतो. एकाच आकाराच्या दहा वस्तू असतात, पण हात कुठे लागत होता, दोर कुठे घासत होता, घाव कुठे बसत होता, हे वापराशिवाय येत नाही आणि खोटंही करता येत नाही. वर दोन्ही वस्तू झिजेवरूनच पक्क्या झाल्या ते बघा.

यंत्राचा भाग असेल तर आणखी काही. ओतीव लोखंडावर उठावदार अंक दिसले की लोक त्याला साल समजतात. तो बहुतेक वेळा साच्याचा नंबर असतो. कोरलेला किंवा ठोकलेला नंबर वेगळा, तो त्या एका यंत्राचा. बोल्टला मेट्रिक पाना नीट बसत नसेल तर आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचे, असण्याची शक्यता धरा. व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. आणि व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं असतं, पान्याच्या तोंडाचं नाही. म्हणून त्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं आणि तोंड त्याहून बरंच मोठं भरतं. जुनी इंग्लिश इंजिनं आणि त्यांच्यावरून इथे झालेली इंजिनं या आट्यांवर चालायची.

आणि कृपा करून पॉलिश पेपर मारू नका. गंजाबरोबर हातोड्याच्या खुणा आणि ठसे जातात.

पक्या_सदाशिव
पण काका, गंज तसाच ठेवला तर वस्तूच राहणार नाही.

मिस्त्री_चिंचवड
सुटणारा गंज कोरड्या ब्रशने झाडा, रॉकेलमध्ये फडकं भिजवून पुसा, सुकल्यावर तेलाचा पातळ हात द्या. खाली काळा घट्ट थर दिसला की थांबा. तो थरच लोखंड राखतो. लाकडाला जवसाचं तेल, थोडं थोडं.

सोनचाफा
४ नंबरवर कुणीच बोललं नाही. ही गळती आहे. महादेवाच्या पिंडीवर टांगतात, भोकातून पाण्याची धार संथ पडत राहते. माहेरी आमची दोन देवळं होती, लहानपणापासून बघत आलेय.

कोरडवाहू
+१. भोक म्हटल्यावर मलाही गळतीच वाटली.

शब्दवेडी
गळतीला टांगायला कड्या लागतात किंवा तिपाई तरी. केतकी म्हणतेय कान नाही, कडी नाही. आणि गळतीत पाणी भरून ठेवायचं असतं, तर पत्रा इतका पातळ कशाला करतील?

सोनचाफा
तिपाईवर ठेवायची असेल. तिपाई हरवली असेल. घरातल्या वस्तू अशाच सुट्या होतात.

गिरणगाव_८२
४ नंबरचं मला सांगता येत नाही, पण झिजेचं मिस्त्रीकाकांचं म्हणणं सोळा आणे खरं. माझ्याकडे वडिलांचा धोटा आहे, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच. पाहुणे हातात घेतात आणि खेळण्यातली होडी म्हणतात. एका टोपीवर बारीक ठोके पडलेत, कारण माग चालताना धोटा या पेटीतून त्या पेटीत आपटत जातो. बाजूला एक बारीक डोळा आहे, त्यातून सूत बाहेर यायचं. कांडी बदलली की वडील डोळ्याला तोंड लावून सूत ओढून घ्यायचे. कापसाची धूळ तशीच पोटात जायची. जानेवारी १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर ते परत खात्यात गेले नाहीत. धोटा मात्र त्यांनी ट्रंकेत कपड्यांच्या वर ठेवला होता, खाली नाही.

पंचगंगा_काठ
इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. तिथल्या घरांत धोटे अजून खूप सापडतील. बिनधोट्याचे माग आल्यावर पोत्याने भंगारात गेले.

मनाली_ट्रेक्स
किल्ल्यांवरही एक वस्तू सगळे चुकीची ओळखतात. तिकोन्यावर दगडी चाक आणि गोल चर आहे. एका ग्रुपमध्ये कुणीतरी छातीठोक सांगत होता की तेल काढायचा घाणा. तो चुन्याचा घाणा. चरात भाजलेली चुनखडी, वाळू आणि पाणी टाकायचं, चाकाच्या भोकात लाकडी दांडा घालायचा आणि बैलाने चाक गोल फिरवायचं. गडावर घाणा दिसला की जवळपास चुन्यातलं बांधकाम कुठे होतं ते शोधा, हमखास सापडतं.

ओहायोकर
मला एक शंका आहे. आमच्याही वाड्यातून असं काही निघालं, तर अमेरिकेत घेऊन येता येतं का? आजोबांची एक जुनी समई आणि अडकित्ते आणायचे आहेत.

शब्दवेडी
१९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची वस्तू पुरावशेष धरली जाते, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं. असा पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. तो हातात असल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

ओहायोकर
आभार. समई शंभरच्या आसपासची असावी. मग ती बहिणीकडेच राहू दे.

तासगावकर_आबा
मला हे धागे मुलगी वाचून दाखवते, आणि लिहितेही तीच.

केतकीबाई, ४ नंबरसाठी एक विचारतो. तुमच्या घरात कुणाकडे जोशीपण होतं का? गावची लग्नं लावणं, पंचांग सांगणं?

केतकी
हो आबा! पणजोबांकडे होतं. आजोबा शाळेत मास्तर झाले आणि ते थांबलं. तुम्हाला कसं कळलं?

तासगावकर_आबा
मग ती गळती नव्हे. घटिकापात्र आहे ते. गळतीतून पाणी बाहेर पडतं, यात पाणी आत येतं. म्हणून पत्रा पातळ, म्हणजे रिकामी वाटी तरंगली पाहिजे. म्हणून बूड गोल, म्हणजे ती सरळ उभी राहते. आणि म्हणून कड्या नाहीत.

मी लहानपणी लग्नात पाहिलंय. मोठ्या घंगाळात स्वच्छ पाणी, त्यावर हळदकुंकू, बाजूला तांदळाची रास. दिवस उगवताना किंवा मावळताना सूर्यबिंब बघून जोशीबुवा मंत्र म्हणून वाटी पाण्यावर सोडायचे. भोकातून पाणी आत चढत राहतं आणि वाटी भरली की बुडते. बुडाली की एक घटका झाली. लगेच काढून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं. मुहूर्त अमुक घटका अमुक पळं असा काढलेला असायचा. शेवटची वाटी अर्धी भरली की बुवा हाक द्यायचे, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं. घंगाळापाशी एक पोरगा बसवलेला असायचा, त्याने नजर हलवायची नाही. तिकडे जेवणावळ मांडलेली असली तरी नाही. मी त्या जागेवर बसलोय, म्हणून सांगतो.

एक घटका म्हणजे २४ मिनिटं. साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक दिवसरात्र. तुमची वाटी पाण्यावर सोडा आणि घड्याळ लावा.

शब्दवेडी
आबा, दंडवत.

यात एक जोड देते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत या वाटीचं वर्णन आहे : अर्ध्या घटासारखी तांब्याची वाटी, बुडाला भोक. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. भोकाचं माप ते देतच नाहीत. वाटी दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि दिवसरात्रीला त्या आकड्याने भागा, की तुमच्या वाटीचं माप कळलं. म्हणजे कुठल्याही गावच्या तांबटाने केलेली वाटी चालेल, फक्त तिला तपासून घ्यायचं. त्यांच्या मुलीच्या लग्नात मोती भोकात अडकून मुहूर्त टळला ही लीलावतीची गोष्ट याच वाटीची. ती दंतकथा असली तरी सांगणाऱ्याला वाटीचा दोष नेमका माहीत होता : भोकात कण अडकला की वेळ चुकते.

सोनचाफा
आबांचं पटलं. आमच्या देवळातली गळती हातात घेतलेली आठवतेय, ती चांगली जड होती. ही हातात वजनच लागत नाही म्हणजे वेगळीच. केतकी, लवकर पाण्यात सोड गं.

मिस्त्री_चिंचवड
थांबा! भोकात सुई घालून साफ करू नका. या यंत्रात भोक हाच एक नेमका भाग आहे. सुईने तांब्याची कडा जरा जरी ओरबाडली गेली तर वेळ कायमची बदलेल. कोमट पाण्यात तासभर भिजवा, मऊ रंगाच्या ब्रशने बाहेरून झटका, बास. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काही नाही.

पक्या_सदाशिव
आज ऑफिसात कामात लक्ष नाही. केतकी, निकाल कधी?

केतकी
निकाल!

भिजवली, ब्रश मारला, हिरवट पूड निघाली. घंगाळ नव्हतं, पितळी परात खोल नाही, शेवटी मोठ्या पातेल्यात सोडली. आधी वाटलं बुडणारच नाही, पाणी बुडाशी नाण्याएवढं दिसत होतं. मग सावकाश चढत गेलं. शेवटी काठ पाण्याला टेकला आणि टुप्पकन आवाज करून गेली. काका शेजारी बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

२५ मिनिटं आणि वर काही सेकंद. आबा, एक मिनिट जास्त का?

तासगावकर_आबा
पाणी कुठलं घेतलंत? विहिरीचं गार?

केतकी
हो, पहाटेचं विहिरीचं. बरंच गार.

मिस्त्री_चिंचवड
मग उत्तर मिळालं. गार पाणी दाट असतं, म्हणजे वाहायला जड. इतक्या बारीक भोकातून ते हळू येणार. दुपारी कोमट पाण्यात सोडा, वेळ खाली येईल. भोकात अजून थोडा मळ असेल तोही धरा. हाताने ठोकलेल्या वाटीसाठी २४ ला २५ म्हणजे फार चोख काम आहे. करणाऱ्या तांबटाने आधी भोक बारीक ठेवून, पाण्यात सोडून बघत बघत ते वाढवत नेलं असणार. भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही.

गिरणगाव_८२
सगळा दिवस या वाटीच्या नादात गेला. फार छान.

वैनगंगा
एक प्रश्न. रात्री सूर्यबिंब नसताना, ढगाळ दिवशी काय करायचे? पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणा, पण अवकाळी असतोच.

तासगावकर_आबा
एकदा सोडली की पुढे सूर्य लागत नाही, बुडाली की पुन्हा सोडत राहायचं. सोडतानाच ढग असले तर अनुभवाने. पुढे एखाद्याकडे खिशातलं घड्याळ असायचं, बुवा हळूच त्याला विचारून घ्यायचे आणि पूजा वाटीची करायचे. घड्याळं घरोघर झाली तशी वाटी आधी शोभेची झाली, मग माळ्यावर गेली.

पंचगंगा_काठ
केतकीताई, काकांचं काय ठरलं? भंगारवाला?

केतकी
भंगारवाल्याने पत्रे आणि मोडका पंप नेला. चार वस्तू राहिल्या. काकांनी स्वतःच चाडं पुसून तुळईवर ठेवलं आणि मला विचारलं, पाभरीचे नळे कुठे मिळतील.

कोरडवाहू
नळे मिळत नसतात, बुरुडाकडून बांबू आणून करावे लागतात. आतल्या गाठी तापलेल्या सळईने फोडायच्या. फण असतील तर लोहारही लागेल. माझ्याकडे या, मोडलेली पाभर पडून आहे, माप घेऊन जा.

शब्दवेडी
ज्यांना अशा वस्तू बघून ओळखायला शिकायचं असेल त्यांनी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय निवांत पाहावं. अडकित्ते, दिवे, कुलपं यांचे किती प्रकार असू शकतात ते तिथे कळतं. पण बारा बलुतेदार आपापल्या हत्यारांसकट कामाला बसलेले बघायचे तर कोल्हापूरजवळचा कणेरी मठ. पुतळे आहेत, तरी कुठलं हत्यार कुठल्या हातात, बसायचं कसं, हे तिथे दिसतं. काचेच्या पेटीत ते दिसत नाही.

मांडवीकाठ
गोव्यात बाणावलीला गोवा चित्र आहे, शेतीच्या आणि घरगुती अवजारांचंच. जुन्या घरांतून, मोडीतून गोळा केलेलं. एक अख्खा दिवस काढून जा.

मिस्त्री_चिंचवड
संग्रहालयाला देणार असाल तर वस्तूबरोबर कागद द्या : कुठल्या गावची, कुणाच्या घरातली, कोण वापरायचं, तिथे तिला काय म्हणायचे. नुसतं लोखंड दिलं तर तिथेही ते अनोळखीच पडून राहतं.

नवखा_सांगली
धागा वाचून खाते उघडलं. आमच्याकडे लोखंडी कड्यांची एक लांब साखळी आहे. दोन्ही टोकांना पितळी मुठी, मध्ये मध्ये पितळेचे बिल्ले. बैल बांधायची म्हणावी तर कड्या फारच बारीक आणि लांबुळक्या आहेत. काय असेल?

शेवटची_पाळी
बैलाची नक्की नाही.

मिस्त्री_चिंचवड
मोजणीची साखळी वाटते. पसरून टेपने लांबी मोजा आणि कड्या मोजा. ६६ फूट आणि शंभर कड्या भरल्या तर गुंटरची. ३३ फूट आणि सोळा भाग भरले तर मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. बिल्ल्यांवर दाते किंवा खाचा असतील, त्या मोजून लिहा. मुठीच्या आतल्या बाजूला काही ठोकलंय का तेही बघा.

नवखा_सांगली
उद्या अंगणात पसरून मोजतो. मुठीवर काहीतरी ठोकलेलं आहे, वाचता येत नाही.

शब्दवेडी
पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरव, अक्षरं उमटतील. घासू नकोस.